सात थरांचे फोल्डर, दोन थरांचे क्रेट : बडोद्यातल्या एका साउंड सर्व्हिसच्या गाण्यांच्या साठ्याच्या कामनोंदी

८ जुलै २०२५

काम : दांडिया बाजारातल्या एका साउंड सर्व्हिसचा गाण्यांचा साठा लावून देणं. सॉफ्टवेअर सेराटो डीजे प्रो (डीजे गाणी शोधायला आणि वाजवायला वापरतात ते), विंडोजचा लॅपटॉप, साठा बाहेरच्या हार्डडिस्कवर. सुमारे ३८,००० फायली, ४१० जीबी. नवरात्र २२ सप्टेंबरला बसतंय, पण गणपती २७ ऑगस्टला, म्हणून खरी मुदत गणपतीचीच धरली आहे.

सध्याची अवस्था : ‘गाणी’ या मुख्य फोल्डरात लग्न, त्यात गुजराती, त्यात २०१९, त्यात नवीन, त्यात गरबा, त्यात त्रण ताळी (तीन टाळ्यांचा गरबा), त्यात फायनल. दुसऱ्या माणसाने भरलेल्या भागात आधी वर्ष, मग भाषा, मग प्रसंग. तिसऱ्या भागात नुसती पेनड्राइव्हची नावं. एकच गाणं तिन्हीकडे.

अडचण थर जास्त असण्याची नाही. फोल्डर एका वेळी एकाच प्रश्नाचं उत्तर देतो. मांडवात विचारणा येते ती अशी : त्रण ताळीतलं, बाईच्या आवाजातलं, जरा हळू, आणि मराठी मंडळींनाही ठाऊक असलेलं. हे चार प्रश्न आहेत आणि झाडाच्या चार वेगवेगळ्या फांद्यांवर त्यांची उत्तरं आहेत. म्हणून धोरण ठरवलं : फोल्डर जे सांगतो ते आधी फाइलच्या टॅगमध्ये (फाइलच्या आतच लिहिलेली नाव, कलाकार वगैरे माहिती) उतरवायचं, मगच फोल्डर मोडायचा. उलट क्रमाने केलं तर माहिती कायमची जाते.

९ जुलै

बॅकअप. नवा १ टीबीचा एसएसडी घेतला, साडेसहा हजार. जुन्या हार्डडिस्कचा वेग सेकंदाला १०० एमबीच्या आसपास, त्या हिशोबाने ४१० जीबीला तास-सव्वा तास पुरायला हवा. छोट्या फायली हजारोंनी असल्या की तो हिशोब चालत नाही. अख्खी दुपार गेली.

पहिली कॉपी मध्येच अडली. विंडोजचा एक्सप्लोरर साधारण २६० अक्षरांपेक्षा लांब पत्ता (वरच्या सगळ्या फोल्डरांची नावं धरून फाइलचं पूर्ण नाव) घेत नाही, आणि सात थरांत तो सहज ओलांडला जातो. देवनागरी आणि गुजराती नावं इथे जास्त अडतात, कारण मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. ‘त्रण ताळी’ दिसायला चार अक्षरं, मोजणीत मधल्या जागेसकट ९. उपाय : विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही आज्ञा, ती लांब पत्ते घेते. फक्त तिचा ‘मिरर’ पर्याय लावू नये. उगम आणि मुक्काम चुकून उलटे लिहिले गेले तर तो मुक्कामाच्या जागच्या जादा फायली पुसतो.

सेराटोची स्वतःची माहिती ‘सेराटो’ नावाच्याच फोल्डरमध्ये असते (नावाच्या आधी-नंतर अधोरेषा). एक लॅपटॉपच्या म्युझिक फोल्डरात आणि एक प्रत्येक बाहेरच्या डिस्कच्या मुळाशी. दोन्हींची कॉपी घेतली. बरेच जण एकच घेतात आणि मग निम्मे क्रेट (सेराटोत बनवलेल्या गाण्यांच्या याद्या) परत येत नाहीत.

११ जुलै

सोपा वाटणारा रस्ता करून पाहिला : फाइल्सच्या खिडकीतून मुख्य फोल्डर उचलून थेट क्रेटच्या पट्टीवर टाकला. सेराटो फोल्डरच्या झाडाबरहुकूम क्रेट आणि पोटक्रेट आपोआप बनवतो. काम मिनिटांत झालं आणि निरुपयोगी ठरलं. शेकडो क्रेट तयार झाले, त्यातले डझनभर नुसते ‘नवीन’ नावाचे. पट्टी उलगडली की सरकवता सरकवता गाणं संपायची वेळ येते.

गुंता काढण्याची रीत : सेराटो बंद करायचा, त्याच्या फोल्डरातल्या ‘सबक्रेट्स’ फोल्डरात जायचं. तिथे प्रत्येक क्रेटची एक छोटी फाइल असते, सगळ्या एकाच पातळीवर. घरटं फक्त नावात असतं : ‘लग्न’च्या पोटातला ‘हळद’ म्हणजे लग्न, मग दोन टक्क्यांची चिन्हं, मग हळद. नको असलेल्या फायली दुसरीकडे हलवल्या की सॉफ्टवेअर उघडल्यावर ते क्रेट दिसत नाहीत. गाण्यांना धक्का लागत नाही. एकेक क्रेट हाताने पुसण्यापेक्षा हे पुष्कळ जलद.

१६ जुलै

दुबार गाणी. डुपगुरू हे फुकट सॉफ्टवेअर, त्यातला म्युझिक प्रकार. नावावरून जुळवलं तर चालत नाही, कारण एकाच गरब्याची स्टुडिओतली आणि मैदानातली प्रत एकाच नावाने पडलेली असते. टॅगमधला कलाकार आणि नाव लावून जुळवलं, आणि लांबी निकालातल्या रकान्यात पाहिली. लांबीत दोन-तीन सेकंदांहून जास्त फरक असेल तर दोन्ही ठेवली.

कुठली प्रत ठेवायची याचे दोन नियम. पहिला : जिच्यावर क्यू पॉइंट (गाण्यातल्या हव्या जागांच्या खुणा) लावलेले आहेत ती. सेराटो एमपी३चे क्यू आणि बीटग्रिड (ठोक्यांच्या जागांची आखणी) फाइलच्या टॅगमध्येच लिहितो, त्यामुळे तशी प्रत फेकली की मेहनतही जाते. दुसरा : खरा दर्जा. फाइलवर ३२० (केबीपीएस) लिहिलंय म्हणून ती ३२०ची असतेच असं नाही. स्पेक या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचा आलेख उघडायचा. वरचे सूर १६ किलोहर्ट्झच्या आसपास कापल्यासारखे संपत असतील तर ती बहुधा १२८ची फाइल फुगवलेली आहे. मोठ्या टॉप स्पीकरवर झांजा आणि टाळ्या लगेच खरखरतात.

काहीही थेट पुसलं नाही. सगळं ‘बाजूला’ नावाच्या फोल्डरात. शिल्लक साधारण २९,०००.

२१ जुलै

या कामातला सगळ्यात मोलाचा टप्पा : फोल्डरमधली माहिती टॅगमध्ये. त्यासाठी एमपी३टॅग हे टॅग बदलायचं सॉफ्टवेअर, विंडोजवर फुकट. त्यात ‘फाइलनावावरून टॅग’ असा बदल आहे, आणि साच्यात उलटी तिरकी रेघ दिली की तो फाइलच्या वरच्या फोल्डरांची नावंही उचलतो. म्हणजे साच्यात भाषा, तिरकी रेघ, प्रसंग, तिरकी रेघ, नाव असं लिहिलं की तिन्ही रकाने एका फटक्यात भरतात.

रकाने असे वाटले :
जॉनर : नाचाचा किंवा तालाचा प्रकार. बे ताळी (दोन टाळ्यांचा गरबा), त्रण ताळी, हींच (गरब्याचाच एक ताल), दांडिया, लावणी, कोळीगीत, ढोलताशा, भांगडा.
ग्रुपिंग : प्रसंग. हळद, वरात, संगीत, मुंज, डोहाळजेवण, विसर्जन. एकाहून जास्त चालतात, मध्ये स्वल्पविराम.
लेबल : भाषा. बॅनरचं (गाणं काढणाऱ्या कंपनीचं) नाव कुणी शोधत नाही, म्हणून तो रकाना मोकळाच होता.
कॉमेंट : बाकीचं सगळं, मुख्यतः नावाची इतर स्पेलिंगं आणि आवाज बाईचा, पुरुषाचा की दोघांचा.

अडलेल्या जागा. एक : ‘फायनल’, ‘नवीन २’, ‘पप्पूचा पेनड्राइव्ह’ हेही इमानेइतबारे जॉनरमध्ये उतरलं. बदल चालवण्याआधी फोल्डरच्या नावांची यादी काढून, अर्थ नसलेली नावं गाळून मगच तुकड्यातुकड्याने चालवावा. दोन : ग्रुपिंगसाठी एमपी३टॅगमध्ये मिळतेजुळते दोन रकाने आहेत, ग्रुपिंग आणि कंटेंटग्रुप, आणि एमपी३मध्ये ते वेगवेगळ्या जागी लिहिले जातात. पाच फायलींवर दोन्ही भरून सेराटोत कुठला उमटतो ते पाहावं, मगच हजारोंना हात लावावा. तीन, आणि हे खरंच सांभाळा : ‘टॅग काढून टाका’ हे बटण कधीही दाबू नका. त्याने नाव-कलाकाराबरोबर क्यू पॉइंटही जातात. रकाना रिकामा करायचा असेल तर तो रकानाच रिकामा करायचा.

बाहेरच्या सॉफ्टवेअरने टॅग बदलले की सेराटोला ते आपणहून कळत नाही. फाइल्सच्या खिडकीतलं ‘रीस्कॅन आयडी३ टॅग्ज’ चालवायचं. सगळा साठा एकदम करण्यापेक्षा बदललेला फोल्डर त्या बटणावर ओढून टाकला तर वेळ वाचतो.

वेव्ह फायलींचे टॅग निरनिराळी सॉफ्टवेअरं निरनिराळे वाचतात किंवा वाचतच नाहीत. त्या सगळ्या एआयएफएफमध्ये बदलल्या. दर्जा तोच राहतो.

२८ जुलै

स्पेलिंग. आठवडाभर यातच गेला, आणि मराठी-गुजराती साठ्याचं खरं दुखणं हेच आहे असं माझं ठाम मत झालंय. गाणं साठ्यात असतं, टॅगही असतात, तरी सापडत नाही.

साठ्यात नावं चार तऱ्हांची : रोमन, देवनागरी, गुजराती आणि जुन्या फॉन्टांतली. शेवटची म्हणजे युनिकोडपूर्व काळात टाइप केलेली. फॉन्ट काढला की खाली निरर्थक इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उरतात. ती ऐकूनच हाताने लिहावी लागली.

देवनागरी दिसायला सारखी असली तरी आतून सारखी असेलच असं नाही. ‘कोऱ्या’, ‘दुसऱ्या’ यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो : खाली नुक्ता असलेला ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह घेऊन. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधपट्टीला दिसतो. ‘ॲ’चंही तसंच : एक अखंड अक्षर, दुसरं अ वर वेगळा चंद्र. एमपी३टॅगमध्ये ‘बदला’ची कृती बनवून सगळीकडे एकच रूप केलं.

निर्णय : मुख्य नाव रोमनमध्ये, एकाच नियमाने. अंधारात, घाईत, लॅपटॉपवर टाइप करायला तेच जमतं. नियम थोडकेच ठेवले : दीर्घ आ असला तरी ए एकदाच. ई, ऊ यांना आय आणि यू, जोड ई किंवा जोड ओ नाही. व ला कायम व्ही, डब्ल्यू कधीच नाही. ल आणि ळ दोन्हींना एल. छ ला सीएचएच. म्हणजे ढोलिडा, लावणी, गणपती यांचं प्रत्येकी एकच स्पेलिंग. मूळचं स्पेलिंग आणि देवनागरी नाव कॉमेंटमध्ये गेलं, त्यामुळे सवयीने कुणी वेगळं टाइप केलं तरी सापडतं. त्यासाठी शोधपट्टीच्या भिंगाजवळच्या यादीत कॉमेंट आणि ग्रुपिंग हे रकाने चालू असायला हवेत; नसतील तर सगळी मेहनत न दिसणाऱ्या जागी पडून राहते.

बडोद्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते : एकाच प्रसंगाची दोन नावं. हळद आणि पीठी, वरात आणि वरघोडो. दोन्ही नावं ग्रुपिंगमध्ये लिहिली, कारण यजमान कुठलं म्हणेल ते सांगता येत नाही. याच्या उलट एक सापळा आहे. गुजराती घरात ‘सीमंत’ म्हणजे आपलं डोहाळजेवण, आणि आपल्याकडे सीमांतपूजन म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवसाचा सोहळा. रोमनमध्ये ‘सीमंत’ टाइप केलं की दोन्ही एका यादीत येतात. सीमांतपूजनाची सगळी गाणी ‘लग्न आदला दिवस’ अशा खुणेखाली टाकली आणि ‘सीमंत’ हा शब्द फक्त डोहाळजेवणासाठी राखला.

४ ऑगस्ट

आता फोल्डर मोडले. नवी रचना मुद्दाम कंटाळवाणी : भाषा, त्यात कलाकाराच्या नावाचं पहिलं अक्षर. बस. फोल्डर आता फक्त फाइल ठेवण्याची जागा आहे, शोधायची नाही.

फाइल हलली की सेराटो ती हरवली म्हणतो. फाइल्सच्या खिडकीतलं ‘रीलोकेट लॉस्ट फाइल्स’ ती पुन्हा जोडतं, पण ते फाइलच्या नावावरून ओळखतं. याचे दोन परिणाम. फाइल हलवायची आणि तिचं नावही बदलायचं असं एकाच फेरीत केलं तर ती सापडतच नाही. आणि सीडीवरून उतरवलेल्या ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ नावाच्या फायली असतील तर भलतीच फाइल जोडली जाते : यादीत मंगलाष्टका दिसते आणि वाजते कव्वाली. आमच्या साठ्यात अशा शेकडो होत्या. त्यांना सेराटोतून आधी काढलं, नावं दिली, मग नव्याने घेतलं. त्यांच्यावर क्यू नव्हतेच, त्यामुळे नुकसान काही नाही. बाकी कुठल्याही फाइलचं नाव बदललं नाही. वाचायला टॅग आहे. फाइलचं नाव कुरूप असलं तरी चालतं.

९ ऑगस्ट

क्रेट. वर प्रसंग, खाली टप्पा किंवा ताल, तिसरा थर नाही. लग्नाच्या पोटात हळद-पीठी, वरात, प्रवेश, जेवण, संगीत, पाठवणी. नवरात्रीच्या पोटात आरती, बे ताळी, त्रण ताळी, हींच, दांडिया, सनेडो. गणपतीच्या पोटात आगमन, आरती, विसर्जन. बाकी मुंज-डोहाळजेवण एकत्र, आणि ‘आवक’.

सेटिंगमध्ये ‘इन्क्लूड सबक्रेट ट्रॅक्स’ चालू केलं. त्याने वरचा क्रेट निवडला की पोटातली सगळी गाणी दिसतात आणि शोध त्या सगळ्यांत चालतो. ते बंद असलं की ‘लग्न’ रिकामा दिसतो आणि माणूस गडबडतो.

दुसरी नेहमीची तक्रार, ‘काल होतं, आज सापडत नाही’, हिचं कारण बहुतेक वेळा हेच : क्रेट निवडलेला असताना शोध त्या क्रेटपुरताच होतो. वर ‘ऑल’ निवडून मग शोधायचं, किंवा आधीचे शब्द पुसायचे. चालवणाऱ्या मुलांना हे एवढं शिकवलं तरी निम्मी ओरड थांबते.

आडव्या प्रश्नांसाठी स्मार्ट क्रेट, म्हणजे अटी दिल्या की आपोआप भरणारे. उदाहरणार्थ : ग्रुपिंगमध्ये हळद, लेबल मराठी, बीपीएम (मिनिटाला ठोके) ९० पेक्षा जास्त, १२० पेक्षा कमी, चारही अटी लागू. हे पोटक्रेटने करायचं म्हटलं तर तीन थर लागले असते आणि प्रत्येक नवं गाणं चार ठिकाणी टाकावं लागलं असतं. स्मार्ट क्रेट मोजकेच ठेवले. प्रत्येक शंकेला एक बनवला तर पुन्हा तेच जंगल उभं राहतं.

१६ ऑगस्ट

वरच्या स्मार्ट क्रेटमध्ये निम्मी गाणी आलीच नाहीत, कारण बीपीएम चुकीचे.

अर्ध्या-दुपटीची चूक सगळ्यांना माहीत असते : ८० चं १६०. विश्लेषणाआधी बीपीएमचा पल्ला नेमून दिला की ती बरीच कमी होते. गरब्यात दुसरी चूक जास्त त्रास देते. हींच सहा मात्रांच्या चालीत असते. सहा मात्रा तीन-तीनच्या दोन गटांत मोजल्या तर टाळी बसते तिथे ठोका पडतो. सॉफ्टवेअर त्याच सहा दोन-दोनच्या तीन गटांत मोजतं. म्हणजे टाळीने १०० असलेलं गाणं १५० दाखवतं. दुप्पट-निम्म्याच्या बटणाने हे सुटत नाही, दोन तृतीयांश करावं लागतं. मिक्स (शेवटी तीन एक्स असलेलं, फुकट आणि मुक्तस्रोत) यात दोन तृतीयांश आणि तीन द्वितीयांश अशी तयार बटणंच आहेत. सेराटोत टाळीबरोबर टॅप करून हाताने आकडा बसवला.

मैदानात थेट वाजवलेल्या गरब्याची लय सुरुवातीला आणि शेवटी सारखी नसते; रंग चढतो तशी ती चढते. त्यावर सरळ ग्रिड बसत नाही. अशा गाण्यांच्या कॉमेंटमध्ये ‘लय चढती’ अशी खूण केली. ती दिसली की सिंक (दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारी सोय) बंद ठेवायचं आणि कानाने जोडायचं.

२४ ऑगस्ट

चाचणी. दोन जणांपैकी एकाने फर्माइश सांगायची, दुसऱ्याने शोधायची, असं आलटून पालटून केलं. अडलं ते दोनच ठिकाणी. एक, नाव न सांगता ओळ सांगितलेली गाणी. लोक धृपदावरून मागतात, शीर्षकावरून नाही. जास्त मागणीच्या गाण्यांच्या कॉमेंटमध्ये धृपदाचे पहिले दोन-तीन शब्द घातले. दोन, दोघांची आठवणीतली नावं वेगळी. तीही कॉमेंटमध्येच गेली.

३ सप्टेंबर

गणपतीत साठा रोज चालला. लक्षात आलेली एक गोष्ट : बाहेरची डिस्क जोडलेली नसली की तिच्यावरची गाणी यादीतून नाहीशी होतात, हरवलेली म्हणूनही दिसत नाहीत. केबल सैल असेल तर आधी ती पाहा. घाबरून ‘रीलोकेट’ दाबू नका. आरतीची आणि हमखास लागणारी गाणी लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर ठेवली.

१४ सप्टेंबर

नॉनस्टॉप. तीस-चाळीस मिनिटांच्या एका फाइलमध्ये पंधरा-वीस गरबे. शोधाला आतलं काही दिसत नाही. सेराटोत एका ट्रॅकवर आठच हॉट क्यू, त्यामुळे क्यूला नावं देऊन भागत नाही. दोन मार्ग केले. अखंड वाजवायच्या फायलींच्या कॉमेंटमध्ये आतल्या गरब्यांची नावं मिनिटासकट लिहिली. सुटे लागणारे गरबे एमपी३डायरेक्टकटने कापले. ते पुन्हा एन्कोड न करता कापतं, म्हणून दर्जा उतरत नाही. कापलेल्या तुकड्याचं विश्लेषण नव्याने करावं लागतं.

नव्या गाण्यांची रीत : फाइल आली की आधी ‘आवक’ क्रेट. नाव, जॉनर, ग्रुपिंग, लेबल, कॉमेंट हे पाच रकाने भरल्याशिवाय ती तिथून हलवायची नाही. एका गाण्याला दोन-तीन मिनिटं लागतात. आठवड्यातून एकदा बसलं तर साचत नाही.

दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी. रेकॉर्डबॉक्समध्ये फोल्डरच्या पोटात प्लेलिस्ट अशी रचना आहे, आणि प्रसंग-तालाचं काम ‘माय टॅग’ चांगलं करतं. त्याचे चार गट मिळतात, ते पुरतात. माय टॅग कॉमेंटमध्येही लिहिण्याचा पर्याय चालू करावा. व्हर्च्युअल डीजेत स्मार्ट क्रेटच्या जागी फिल्टर फोल्डर. मिक्समध्ये क्रेटच्या पोटात क्रेट बनतच नाही, पण त्याची शोधपट्टी तगडी आहे : रकान्याचं नाव, कोलन, मग शब्द, किंवा बीपीएम, कोलन, मग आकड्यांचा पल्ला लिहिला की चालतं, आणि आधी वजाचं चिन्ह दिलं की ते वगळलं जातं. टॅग नीट भरलेला साठा यातल्या कुठेही नेला तरी नाव, जॉनर, कॉमेंट बरोबर येतात. क्रेट मात्र नव्याने बांधावे लागतात.

बाकी राहिलेलं : ‘बाजूला’ फोल्डरमधल्या सुमारे ९,००० फायली दिवाळीनंतर तपासून पुसायच्या, आणि गुजराती लिपीतली उरलेली नावं रोमनमध्ये आणायची.